डोळ्यांत तेल घालून

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



'डोळ्यांत तेल घालून' हा वाक्प्रचार आपण लहानपणापासून ऐकतो. राखणदार डोळ्यांत तेल घालून जागतो. लग्नघरात दागिन्यांच्या डब्यापाशी एखादी मावशी डोळ्यांत तेल घालून बसलेली असते. मी एका नियतकालिकाची मुद्रितं तपासण्याचं काम गेली वीसेक वर्षं करतो. तिथले संपादक दर दिवाळी अंकाच्या वेळी न चुकता सांगतात, ''यंदा जरा डोळ्यांत तेल घालून बघा हं.'' हे तेल खरोखरीच प्रत्येकाच्या डोळ्यांत असतं, दिवसाकाठी हजारो वेळा आपण ते आपल्या नकळत घालत असतो आणि ते नीट येईनासं झालं की डोळा कोरडा पडतो, हे मला कळायला मात्र पन्नाशी उलटावी लागली.

आकाशवाणीकडून 'अश्रू' या विषयावर बोला असं पत्र आलं, तेव्हा त्यांना कवितेतले अश्रू अपेक्षित असणार. त्यात मी घरात दख्खनी बोलणारा आणि मराठीत कविता लिहिणारा, म्हणजे दोन्हीकडचा साठा माझ्यापाशी असणार असाही त्यांचा हिशेब असेल. मी त्यांना कळवलं की अश्रूंवरच बोलतो, पण ते तपासतात कसे त्यावर बोलतो. मी मराठी घेऊन बी. ए. झालेला माणूस. शास्त्राशी माझा संबंध शाळेबरोबर संपला. त्यामुळे पुढे जे सांगणार आहे ते डॉक्टरांच्या खुर्चीत बसून ऐकलेलं, खोदून खोदून विचारलेलं आणि मग त्यांच्याचकडून वाचायला मागून आणलेलं आहे.

अश्रू म्हणजे खारं पाणी, ही आपली सर्वसाधारण समजूत. ती अर्धीच खरी आहे. आपण रडत नसतो तेव्हासुद्धा बुबुळावर अश्रूंचा एक पडदा सतत पसरलेला असतो. त्याची जाडी आपल्या केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. या पडद्यात तळाशी एक चिकट द्रव्य असतं. त्याच्यामुळे पाणी बुबुळाला धरून राहतं, ओघळून जात नाही. वर पाणी. आणि सगळ्यांत वर तेलाचा अतिशय पातळ थर. मिसळीच्या रश्श्यावर तर्री असते, आमच्याकडे तिला कट म्हणतात, तसा. कट असेल तर खालचा रस्सा बराच वेळ वाफाळता राहतो. डोळ्यातलं पाणी हवेत उडून जाऊ नये म्हणून निसर्गानं हा कट वर ठेवलेला आहे.

हे तेल येतं कुठून? पापणीतून. इथे एक अडचण सांगून टाकतो. मराठीत आपण डोळ्यावरच्या कातडीलाही पापणी म्हणतो आणि तिच्या कडेला उगवलेल्या केसांनाही पापण्याच म्हणतो. मी पापणी म्हणेन तेव्हा ती कातडीची झडप समजा. या झडपेच्या आत एक ताठर पट्टी असते आणि त्या पट्टीत तेलाच्या बारीक ग्रंथी शेजारी शेजारी उभ्या असतात. वरच्या पापणीत साधारण २५ ते ४०, खालच्या पापणीत २० ते ३०. वरच्या लांब, खालच्या आखूड. प्रत्येकीचं तोंड पापणीच्या काठावर, केसांच्या ओळीच्या मागे उघडतं. आपण डोळा मिचकावला की आतल्या स्नायूंचा दाब पडतो, थोडंसं तेल बाहेर येतं आणि पापणी उघडताना ते अश्रूंवर पसरतं. मिनिटाला साधारण पंधरा वेळा हे चालू असतं. आता हिशेब तुम्हीच करा.

या ग्रंथींना मायबोमियन ग्रंथी म्हणतात. जर्मनीतल्या हेल्मश्टेट विद्यापीठातले वैद्यकाचे प्राध्यापक हाइनरिश मायबोम यांनी १६६६ साली एका पत्ररूप पुस्तिकेत त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांचं नाव चिकटलं. १६६६ म्हणजे शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले ते साल. मला इतिहासातल्या सनावळ्या अशाच जोडून लक्षात ठेवायची सवय आहे. पण त्या ग्रंथी बिघडतात, चोंदतात आणि डोळे कोरडे पडण्याचं ते एक मोठं कारण आहे, हे वैद्यकानं फार उशिरा मनावर घेतलं. 'मायबोमियन ग्रंथींचा बिघाड' हे आजाराचं नाव रुळायला १९८० साल उजाडावं लागलं. त्यापुढे तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळानं या ग्रंथींवर स्वतंत्र अहवाल काढला तो २०११ साली. मधली तीन-सव्वातीनशे वर्षं ग्रंथी होत्या तिथेच होत्या, त्यांना दाबून बघणारा नव्हता.

आता माझी तक्रार. संध्याकाळी मुद्रितं वाचत बसलो की पाऊण तासानं डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागायचं. मग अक्षरं पुसट व्हायची. पहिल्यांदा जायचे ते अनुस्वार. डोळे मिचकावले की अनुस्वार परत यायचे, चार-पाच शब्द वाचेपर्यंत पुन्हा गायब. मुद्रितं तपासणाऱ्या माणसाला अनुस्वार दिसेनासा होणं म्हणजे गवंड्याचा ओळंबा हरवणं. त्यात वाऱ्यावर उभं राहिलं की डोळ्यांतून घळाघळा पाणी. एका कविसंमेलनात माझ्या स्वतःच्या कवितेवर माझेच डोळे वाहताहेत, असं पहिल्या रांगेतल्या एका बाईंना वाटलं आणि त्यांनी मला रुमाल देऊ केला. वास्तविक वर पंखा होता. हसण्यासारखं आहे, पण घरात मी हसत नव्हतो. आमच्या अब्बांची नजर काचबिंदूनं गेली. शेवटची सहा वर्षं ते वर्तमानपत्र हातात धरून बसत आणि कुणी वाचून दाखवायला आलं तर 'झालं वाचून' म्हणत. ते डोळ्यांसमोरून जात नव्हतं.

तीन वर्षं मी एका दवाखान्यात जात होतो. दर वेळी नंबर तपासला जायचा, डोळ्याचा दाब मोजला जायचा आणि काचबिंदू नाही असं सांगून थेंबांची एक बाटली हातात दिली जायची. कृत्रिम अश्रू. थेंब घातले की अर्धा तास बरं वाटायचं. डोळ्यांतून पाणी वाहणाऱ्या माणसाला कोरड्या डोळ्याचे थेंब कशाला, असं मी विचारलं तर उत्तर मिळालं, ''वयामुळे.'' या तीन वर्षांत माझी पापणी कुणी एकदाही उलटून पाहिली नाही की बोटानं दाबली नाही. ही माझी खरी तक्रार आहे आणि ती एका दवाखान्यापुरती नाही, म्हणून त्याचं नाव घेत नाही.

वाहणाऱ्या डोळ्याचं उत्तर पुढे पुण्याच्या एका नेत्र रुग्णालयात एका तरुण डॉक्टरबाईंनी दिलं. तेलाचा थर विरळ झाला की खालचं पाणी उडून जातं आणि बुबुळाचा पृष्ठभाग उघडा पडतो. तिथे मज्जातंतूंचं दाट जाळं आहे. ते ओरडतात. त्यांची ओरड ऐकून अश्रुपिंड घाईघाईनं पाण्याचा लोंढा सोडतो. पण त्या लोंढ्यावर पुन्हा तेल नाहीच, म्हणून तोही टिकत नाही. गालावरून वाहून जातो. ''काका, गळकी टाकी आहे,'' त्या म्हणाल्या. ''वरून नळ कितीही जोरात सोडला तरी टाकी रिकामीच.''

त्यांनी मला तपासलं ते सविस्तर सांगतो, कारण माझ्या बोलण्याचा गाभा तोच आहे. आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टींना महागडं यंत्र लागत नाही.

आधी प्रश्न. बारा प्रश्नांचा एक ठरलेला कागद असतो. गेल्या आठवड्यात उजेड किती वेळा सहन झाला नाही, वाचताना किती वेळा त्रास झाला, वाऱ्यात काय होतं, पंख्याखाली किंवा वातानुकूलित खोलीत काय होतं. उत्तरांवरून शंभरपैकी गुण काढतात. तेरा किंवा जास्त आले की पुढे बघायचं. मला एकेचाळीस मिळाले. शाळेत असताना गणितात मिळायचे तेवढेच.

मग त्या माझ्याशी नुसत्या गप्पा मारत बसल्या. मला वाटलं, कवी आहे कळल्यामुळे. पण त्या माझं पापण्या मिटणं मोजत होत्या. नंतर हातात एक छापील कागद देऊन वाचायला सांगितला आणि पुन्हा मोजलं. वाचताना, शिवताना, पडद्यावर बघताना माणसाचं डोळे मिचकावणं निम्म्यावर येतं, कधी त्याहूनही खाली. शिवाय पुष्कळ लोक पापणी पुरती मिटतच नाहीत. वरची अर्ध्यावर येते आणि परत जाते. मग दाब पडत नाही, तेल आतच राहतं.

त्यानंतर नारिंगी रंगाच्या कागदी पट्टीचं टोक ओलं करून खालच्या पापणीच्या आत टेकवलं. हनुवटी यंत्रावर, कपाळ पट्ट्याला, समोर निळा उजेड. या उजेडात अश्रूंचा पडदा हिरवा चमकतो. ''एकदा डोळे मिटा, उघडा आणि आता मिटू नका.'' मग त्या हळूहळू अंक मोजू लागल्या. एक, दोन, तीन, चार, आणि थांबल्या. हिरव्या पडद्यावर जिथे काळा ठिपका किंवा चीर उमटते तिथे पडदा फाटला असं समजायचं. दहा सेकंदांच्या आत फाटला तर पडदा टिकाऊ नाही. माझा चार सेकंदांत फाटत होता. अनुस्वार का जातात ते मला त्या क्षणी कळलं. चार-पाच शब्द वाचायला तेवढाच वेळ लागतो.

त्याच रंगानं बुबुळावर ओरखडे आहेत का ते पाहिलं. त्यानंतर ब्लॉटिंगसारख्या कागदाच्या, पाच मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या दोन्ही डोळ्यांत खालच्या पापणीला अडकवून पाच मिनिटं बसवून ठेवलं. ऑटो शिर्मर नावाच्या जर्मन डॉक्टरांची ही १९०३ सालची चाचणी. पट्टी किती मिलिमीटर भिजते त्यावरून पाणी किती येतं ते समजतं. माझी अठरा मिलिमीटर भिजली. म्हणजे पाण्याचा दुष्काळ नाही. या तपासण्यांचा क्रम मात्र महत्त्वाचा आहे. पट्टी आधी खुपसली तर डोळा चिडतो, पाणी सुटतं आणि मग पडदा किती सेकंद टिकतो याचं उत्तर खोटं येतं. पापणी दाबायची तीही शेवटी, कारण दाबून तेल बाहेर काढलं की आधीची स्थिती गेली. जे सगळ्यांत कमी डिवचतं ते आधी, जास्त डिवचणारं नंतर.

शेवटी पापणीचा काठ. भिंगातून पाहिलं की ग्रंथींची तोंडं एका ओळीत दिसतात. निरोगी काठावर ती स्वच्छ. बिघडलेल्या काठावर कुठे तोंडावर मेणाचं टोपण बसलेलं, कुठे काठ लाल आणि जाड, बारीक रक्तवाहिन्या धावताहेत, कुठे काठाला खाच पडलेली. आणि मग दाबणं. बोटानं किंवा कापसाच्या काडीनं खालची पापणी हलकेच दाबून धरायची आणि भिंगातून बघायचं की किती तोंडांतून काय बाहेर येतं.

काय येतं त्याला गुण आहेत. स्वच्छ, गोडेतेलासारखं आलं तर शून्य. गढूळ आलं तर एक. गढूळ आणि कणीदार आलं तर दोन. टूथपेस्टसारखा घट्ट धागा आला तर तीन. खालच्या पापणीतल्या आठ ग्रंथी अशा तपासून बेरीज केली की जास्तीत जास्त चोवीस. इथे जास्त गुण म्हणजे जास्त बिघाड. दुसरी पद्धत नुसतं मोजण्याची. अमेरिकेतल्या डोनल्ड कॉर्ब यांनी स्प्रिंगचं एक लहानसं उपकरण बनवलं. आपण डोळा मुद्दाम घट्ट मिटला तर जेवढा दाब पडतो साधारण तेवढाच ते देतं. एका वेळी पाचेक ग्रंथी, असं तीन जागी दाबून खालच्या पापणीतल्या पंधरा ग्रंथींपैकी किती पातळ तेल देतात ते मोजायचं. यात ठरावीक दाबाला महत्त्व आहे. अंगठ्यानं जोर लावून पिळलं तर मेलेली सोडून सगळीच ग्रंथी काहीतरी देते. रोजच्या मिचकावण्यानं ती देते का, हा प्रश्न आहे.

निरोगी माणसातसुद्धा पंधराच्या पंधरा ग्रंथी एका वेळी तेल देत नाहीत. काही विश्रांती घेत असतात. नाकाकडच्या जास्त कामसू, कानाकडच्या आळशी. माझ्या पंधरापैकी चार दिल्या, त्याही गढूळ.

मला सगळ्यांत धक्का बसला तो पुढच्या माहितीनं. पापणीचा काठ वरून अगदी स्वच्छ, लाली नाही, सूज नाही, आणि दाबल्यावर काहीच बाहेर येत नाही, असे रुग्ण पुष्कळ असतात. म्हणजे नुसतं बघून हा आजार सुटून जातो. दाबावंच लागतं. आणि दाबायला काय लागतं? एक बोट, कापसाची एक काडी आणि प्रत्येक नेत्रचिकित्सकाच्या खोलीत असलेलं भिंग. वेळ दोन मिनिटं. सकाळी शंभर पेशंट बाहेर बाकावर बसलेले असताना दोन मिनिटं ही लहान गोष्ट नाही, हे मला कळतं. पण बाटल्यांचा तीन वर्षांचा खर्चही लहान नव्हता.

हे दाबणं वेळेवर का व्हायला हवं ते मला माझ्या चुलतभावामुळे समजलं. तो मिरजेत सतारी करतो. भोपळा कोरणं, दांडी घासणं, पडदे बांधणं यातलं बरंचसं काम आता पोरं करतात, पण घोडीवर कानस फिरवून जवारी काढायची तर लोक अजून त्याच्याकडेच येतात. जवारीचं काम कानाचं असलं तरी डोळा घोडीवर रोखलेला असतो. श्वास रोखून, पापणी न हलवता. वर लाकडाचा भुसा आणि पॉलिशचा वास. त्याचे डोळे दहा-बारा वर्षं लाल. मेडिकलच्या दुकानातून लाली घालवणारे थेंब आणायचा आणि घालायचा. मी त्याला पुण्याला घेऊन आलो.

त्याच्या पंधरापैकी एकच ग्रंथी बोलली. म्हणून डॉक्टरबाईंनी पापण्यांचा फोटो काढला. याला मायबोग्राफी म्हणतात. पापणी उलटून तिच्या आतल्या बाजूवर अवरक्त प्रकाश टाकतात. तो आपल्याला दिसत नाही, डोळा दिपत नाही, पण कॅमेऱ्याला त्यात ग्रंथी पांढऱ्या दिसतात. पूर्वी पापणीच्या मागून दिवा लावून हे करायला लागायचं, त्रासाचं होतं. डोळ्याला स्पर्श न करणारी पद्धत जपानच्या रेइको आरिता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली मांडली आणि तिथून ही तपासणी मोठ्या रुग्णालयांत पसरली. गुण देण्याची त्यांची रीतही सोपी आहे. ग्रंथी शाबूत तर शून्य, एक तृतीयांशापर्यंत गेलेल्या तर एक, दोन तृतीयांशापर्यंत दोन, त्याहून जास्त गेल्या तर तीन.

आधी त्यांनी आम्हाला एका निरोगी पापणीचा नमुना दाखवला. पांढऱ्या रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाशेजारी एक. भाऊ लगेच म्हणाला, ''तरफेच्या तारा.'' मग त्याचा स्वतःचा फोटो पडद्यावर आला. वरच्या पापणीत मध्ये मोठी मोकळी जागा, कडेला अर्धवट तुटलेल्या काही रेषा. खालच्या पापणीत कोपऱ्यात दोन-तीन बुटके ठिपके, बाकी सगळं करडं. वरची दोन, खालची तीन. तो बराच वेळ बघत राहिला. नंतर त्यानं एवढंच विचारलं, ''ह्या तारा परत चढवता येतात का?''

डॉक्टरबाईंनी त्याला खोटा धीर दिला नाही. ग्रंथीचं तोंड बंद झालं की आत तेल तुंबतं, दाब वाढतो, तेल बनवणाऱ्या पेशी सुकत जातात, ग्रंथी आखडते आणि शेवटी नाहीशी होते. नाहीशी झालेली ग्रंथी परत उगवते असं भरवशानं दाखवणारा उपाय आजही कुणापाशी नाही. उरलेल्या वाचवायच्या. तोंड चोंदलेलं आहे पण ग्रंथी शाबूत आहे, अशा अवस्थेत माणूस सापडला तर बरंच काही करता येतं. माझ्या ग्रंथी तशा होत्या.

फोटो बघून मी म्हटलं, मग सगळ्यांचे फोटोच काढावेत, दाबायचं कशाला? तर तसंही नाही. फोटोत ग्रंथी लांब, सरळ, देखणी दिसते आणि दाबली तर थेंब देत नाही. उलट एखादी तुटकी, आखूड ग्रंथी स्वच्छ तेल देत असते. फोटो सांगतो घर उभं आहे की पडलं. घरात चूल पेटते का, ते दाबल्याशिवाय कळत नाही. तेलाच्या थराची जाडी प्रकाशाच्या रंगांवरून मोजणारी यंत्रंही आता आहेत. पावसात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलवर रंग दिसतात, तत्त्व तेच. उपयोग आहे, पण बोट आणि भिंग यांना पर्याय म्हणून नव्हे.

आणखी एक गंमत. तक्रारी आणि तपासण्या यांचं नेहमी जमतंच असं नाही. भावाच्या डोळ्यांची अवस्था माझ्यापेक्षा कितीतरी वाईट, पण बारा प्रश्नांत त्याला माझ्याहून कमी गुण. ''एवढं तेवढं चालायचंच,'' हे त्याचं प्रत्येक प्रश्नाला उत्तर. कामगार माणसाच्या 'चालायचंच'ला कुठल्या कागदावर किती गुण द्यायचे, हे त्या आंतरराष्ट्रीय मंडळालाही ठरवता यायचं नाही.

उपचारांचं थोडक्यात सांगतो, कारण ते ज्याचे त्याला डॉक्टरांनीच सांगायचे असतात. थंडीत खोबरेल तेलाची बाटली गोठते आणि आपण ती उन्हात ठेवतो. इथेही तसंच. बिघडलेलं तेल घट्ट झालेलं असतं, ते वितळायला निरोगी तेलापेक्षा जास्त ऊब लागते. म्हणून शेक. चाळीस अंशांच्या आसपास, पाच ते दहा मिनिटं, रोज. ओल्या फडक्याची ऊब दोन-तीन मिनिटांत जाते, फडकं पुन्हा गरम करावं लागतं. हातावर ठेवून सोसवेल एवढंच गरम, जास्त नाही. शेकल्यावर वरची पापणी वरून खाली, खालची खालून वर, केसांकडे अशी हलकी चोळायची. काठ स्वच्छ ठेवायचा. पापणीच्या केसांच्या मुळाशी डेमोडेक्स नावाचे अतिसूक्ष्म किडे वाढलेले असतील तर त्यांचा वेगळा बंदोबस्त. गरज पडली तर गोळ्या, मलम. मोठ्या ठिकाणी पापणीला आतून ऊब देणारी आणि प्रकाशाचे झोत देणारी यंत्रंही आहेत. त्यांचा खर्च ऐकून भाऊ म्हणाला, ''फडकंच बरं.'' शेकामागे चिकाटी लागते एवढंच.

मासळीच्या तेलाच्या गोळ्यांची एक कथा सांगण्यासारखी आहे. ओमेगा-३ घ्या, डोळे ओले होतील, असं वर्षानुवर्षं सांगितलं जात होतं. अमेरिकेत पाचशेहून अधिक रुग्णांवर वर्षभर मोठा प्रयोग केला गेला. निम्म्याहून जास्त लोकांना मासळीचं तेल, बाकीच्यांना तशाच दिसणाऱ्या गोळीत ऑलिव्हचं तेल. निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. दोन्ही गटांना थोडं थोडं बरं वाटलं आणि दोघांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. तेव्हा बांगडा खायचा तर चवीसाठी खा. माझं तेच चाललं आहे.

आणि वाक्प्रचार शब्दशः घेऊन कुणी घरचं एरंडेल, तूप वगैरे डोळ्यांत घालू नका. आतून येणारं तेल वेगळं.

सुरम्याचं बोलल्याशिवाय मात्र राहवत नाही. आमच्या अम्मीची पितळी सुरमेदानी अजून घरात आहे. ईदच्या सकाळी आम्ही पाच भावंडं रांगेत उभी आणि अम्मीची सलाई. शेजारच्या कुलकर्ण्यांकडे तुपाच्या दिव्यावर धरलेलं काजळ, आमच्याकडे सुरमा. डॉक्टरबाईंनी दोन्ही घरांना एकच प्रश्न विचारला असता. सलाई नेमकी कुठून फिरते? पापणीच्या आतल्या काठावरून. म्हणजे थेट त्या बारीक तोंडांवरून. त्यात पारंपरिक सुरमा ज्या दगडापासून करतात तो पुष्कळदा शिशाचं खनिज असतो आणि शिसं लहान मुलांच्या मेंदूला घातक आहे. नातवाच्या वेळी मी सुनेला सांगितलं, सुरमेदानी शोकेसमध्ये राहील. तिनं आधीच ठरवलं होतं. बायकोला मात्र अजून पटलेलं नाही, ती म्हणते तुम्ही सगळे सुरमा घालूनच मोठे झालात.

डोळे चुरचुरणाऱ्या श्रोत्यांना एक सांगतो. डॉक्टरांकडे गेलात तर नम्रपणे विचारा, ''पापणी दाबून बघाल का?'' डोळ्यांना घालण्यासाठी काजळ-सुरमा, मुरमांसाठी घेतलेल्या गोळ्या, काचबिंदूचे थेंब, जे जे चालू असेल ते सांगा. मुरमांवरच्या काही गोळ्यांनी या ग्रंथी सुकतात, हे तरुण मुलामुलींना ठाऊक नसतं. दुकानातले थेंब स्वतःच्या मनानं वर्षानुवर्षं घालू नका. त्यात स्टेरॉइड असलं तर काचबिंदू आणि मोतीबिंदू दोन्ही ओढवू शकतात. आणि डोळा ठणकत असेल, उजेड अजिबात सोसत नसेल किंवा नजर एकाएकी कमी झाली असेल तर शेक देत बसू नका, त्याच दिवशी दाखवा.

भाऊ आठ महिने शेक घेतो आहे. सकाळी दुकान उघडायच्या आधी आणि रात्री. भुशाच्या कामाला चष्मा लावतो, आणि त्याच्या मुलानं भिंतीवर खडूनं 'डोळे मिटा' असं लिहून ठेवलं आहे, बापाच्या बरोबर समोर. गेल्या महिन्यात आम्ही पुन्हा पुण्याला गेलो. पंधरापैकी एक होती, तिथे चार ग्रंथींनी तेल दिलं. पडदा दोन सेकंदांवरून पाचवर आला. फोटोतल्या रेषा मात्र होत्या तेवढ्याच आहेत. डॉक्टरबाई म्हणाल्या, कमी झाल्या नाहीत हे चांगलं आहे. परतताना त्यानं गाडीत खिशातून घोडी काढली आणि उजेडात धरून बघत बसला. मी मोजत होतो. मिनिटाला नऊ.